लिनक्स प्रणालीतील आवृत्तिनिवड

लिनक्स प्रणालीतील आवृत्तिनिवड : एकाच आज्ञावलीच्या म्हणजे प्रोग्रॅमच्या दोन किंवा अधिक आवृत्त्या एका संगणकावर शेजारी शेजारी ठेवून, तिचे नाव घेतले असता त्यांपैकी कोणती कार्यान्वित व्हावी हे ठरविण्याची आणि प्रसंगी तो निर्णय बदलण्याची व्यवस्था. अशी सोय कोणत्याही परिचालन प्रणालीत म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करता येते. तथापि लिनक्समध्ये तिचा विशेष विकास झाला, याचे कारण त्या प्रणालीच्या घडणीत आहे. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. त्याभोवतीची हजारो साधने मात्र जगभरच्या स्वतंत्र गटांनी आपापल्या गतीने तयार केली. ही साधने निवडून, एकमेकांशी जुळवून वापरणाऱ्याच्या हाती देणाऱ्या संचास ‘वितरण’ असे म्हणतात. सी-डॅक या मूळच्या पुण्याच्या संस्थेने २००७ मध्ये उपलब्ध करून दिलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियन नावाच्या अशाच एका वितरणावर आधारलेली आहे. वितरण जुळविणाऱ्यांनी पसंत केलेली आवृत्ती आणि वापरणाऱ्याच्या कामास लागणारी आवृत्ती नेहमी एकच असते असे नाही. आवृत्तिनिवडीचा प्रश्न तेथून सुरू होतो.

गरज : नवी आवृत्ती आली की जुनी टाकून द्यावी, असे सर्वसाधारण वापरणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या आवृत्तीवर विसंबून लिहिलेली कामे तिच्याबरोबर आपोआप नवी होत नाहीत. पायथन ह्या संगणकभाषेचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तर दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. मधली अकरा वर्षे असंख्य संगणकांवर दोन्ही नांदत होत्या. मजकूर छापण्याची आज्ञा लिहिण्याची रीत बदलल्यामुळे पुष्कळ जुन्या आज्ञावल्या नव्या पायथनखाली पहिल्याच ओळींत अडत. हे त्यातल्या त्यात बरे, कारण दोष लगेच दिसतो. ज्या अडत नाहीत त्या अधिक धोक्याच्या. दुसऱ्या आवृत्तीत ७ या पूर्णांकास २ ने भागावयास सांगितले, तर उत्तर ३ येत असे. तिसऱ्या आवृत्तीत ते ३.५ येते. विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढणारी किंवा गोदामातील पोती मोजणारी एखादी जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीने चालविली, तर ती कोणतीही तक्रार न करता निराळे उत्तर देईल. म्हणून अशी प्रत्येक आज्ञावली तपासून होईपर्यंत तिला तिची जुनी आवृत्ती देत राहणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

तत्त्व : या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. नाव आणि त्या नावाची वस्तू ह्या दोन भिन्न गोष्टी असून त्यांच्यातील जोडणी बदलता येते. लिनक्समध्ये ही जोडणी मुख्यतः सांकेतिक दुव्याने केली जाते. सांकेतिक दुवा म्हणजे जीमध्ये स्वतःचा असा मजकूर नसून केवळ दुसऱ्या एखाद्या फाईलचा पत्ता असतो अशी फाईल. तिचे नाव घेतले की प्रणाली त्या पत्त्यावर जाते. दुव्यातील पत्ता बदलला की तेच नाव वेगळ्या वस्तूकडे नेते. वस्तू मात्र जागच्या हलत नाहीत.

लोहमार्गावरील सांध्याशी याची तुलना करता येईल. नागपूर येथे मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन प्रमुख लोहमार्ग एकत्र येतात. स्थानकात शिरणारी गाडी कोणत्या रुळावर जाईल हे इंजिनचालक ठरवीत नाही. सांधा ज्या बाजूस वळविलेला असेल त्या बाजूस ती जाते. दोन्ही रूळ आधीपासून अंथरलेले असतात, बदलतो तो केवळ सांधा. ही तुलना आणखी एका बाबतीत लागू पडते. सांधा बदलल्यानंतर येणारी गाडी नव्या रुळावर जाते, पण आधीच पुढे निघून गेलेल्या गाडीवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्याचप्रमाणे दुवा बदलण्यापूर्वी सुरू झालेली आज्ञावली, ती बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत, जुन्याच आवृत्तीने चालत राहते. आवृत्ती बदलूनही फरक पडला नाही अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

पर्यायव्यवस्था : १९९३ मध्ये इअन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन वितरणात ही दुव्यांची कल्पना प्रथम पद्धतशीरपणे वापरली गेली. ‘अपडेट-ऑल्टर्नेटिव्ह्ज’ ही त्या व्यवस्थेची आज्ञा. पुढे रेड हॅट व तत्सम वितरणांनीही ही कल्पना उचलली. मजकूर संपादित करणाऱ्या साधनाचे उदाहरण घेतल्यास तिची रचना स्पष्ट होईल. कोणतीही आज्ञावली ‘एडिटर’ ह्या सामान्य नावाने संपादकास हाक मारू शकते. ‘यूएसआर’ डिरेक्टरीच्या ‘बिन’ या विभागात ह्या नावाची जी फाईल असते, ती प्रत्यक्ष संपादक नसून दुवा असते. हा दुवा ‘इटीसी’ डिरेक्टरीच्या ‘ऑल्टर्नेटिव्ह्ज’ या विभागातील दुसऱ्या दुव्याकडे बोट दाखवितो, आणि तो दुसरा दुवा नॅनो, व्हिम इ. संपादकांपैकी एकाकडे नेतो.

एका दुव्याने भागत असता दोन कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच उद्‌भवतो. त्याचे उत्तर अधिकारांच्या वाटणीत आहे. ‘यूएसआर’ हे वितरण जुळविणाऱ्यांचे क्षेत्र आहे; तेथील फाइली नव्या संचाबरोबर केव्हाही बदलल्या जाऊ शकतात. ‘इटीसी’मध्ये त्या विशिष्ट संगणकाच्या प्रशासकाने घेतलेले निर्णय असतात. बदलणारा दुवा ‘इटीसी’त ठेवल्यामुळे प्रशासकास दुसऱ्याच्या क्षेत्रात हात घालावा लागत नाही आणि त्याचा निर्णय नव्या संचाच्या आगमनाने पुसला जात नाही. ही मांडणी वरवर पाहता द्राविडी प्राणायामासारखी वाटली, तरी तिच्यातील शहाणपण अनुभवाने पटते.

प्रत्येक पर्यायास एक अग्रक्रमांक दिलेला असतो. डेबियनमध्ये नॅनोचा अग्रक्रमांक ४०, तर व्हिमच्या नेहमीच्या रूपाचा ३० असल्यामुळे दोन्ही उपस्थित असताना, कोणी काही न सांगितल्यास, नॅनो पुढे येतो. यास स्वयंचलित अवस्था म्हणतात. या अवस्थेत अधिक अग्रक्रमांकाचा नवा पर्याय संगणकावर आला की निवड आपोआप त्याच्याकडे जाते. प्रशासकाने ‘कॉन्फिग’ किंवा ‘सेट’ हा पर्याय वापरून स्वतः निवड केली, तर ती व्यवस्था हस्तचलित अवस्थेत जाते व नव्याने येणाऱ्या आवृत्त्या तिला हलवू शकत नाहीत. ‘ऑटो’ हा पर्याय दिला की पुन्हा स्वयंचलित अवस्था येते. सद्यःस्थिती पाहण्यासाठी ‘डिस्प्ले’ हा पर्याय आहे. ज्या संगणकावर महत्त्वाचे काम एका विशिष्ट आवृत्तीवर अवलंबून आहे, तेथे आज योग्य तीच आवृत्ती पुढे येत असली, तरी ती हस्ते निश्चित करून ठेवणे इष्ट. अन्यथा नित्याच्या अद्ययावतीकरणानंतर एके दिवशी सकाळी निवड बदललेली आढळते.

मुख्य दुव्याबरोबर काही अनुचर दुवेही बांधता येतात. उदा., साधनाबरोबर त्याची माहितीपत्रिकाही बदलावी, नाहीतर वापरणारा एका आवृत्तीने काम करील आणि दुसरीची माहिती वाचील. परंतु एकत्र बदलावयास हव्यात अशा सर्वच गोष्टी एका गटात बांधलेल्या असतात असे नाही. जावा भाषेतील आज्ञावली चालविणारे ‘जावा’ आणि तिचे भाषांतर करणारे ‘जावासी’ हे डेबियनमध्ये दोन स्वतंत्र गट आहेत. त्यांपैकी एकच बदलला, तर भाषांतर नव्या आवृत्तीने होते, ते चालवावयास जुनी आवृत्ती पुढे येते व ती हे रूप आपणास अपरिचित असल्याचे सांगून थांबते. हा अर्धवट बदल टाळण्यासाठी जावाशी संबंधित सर्व दुवे एकदम फिरविणारी ‘अपडेट-जावा-ऑल्टर्नेटिव्ह्ज’ ही वेगळी आज्ञा करण्यात आली.

प्रणालीची स्वतःची आवृत्ती : वरील व्यवस्था हाती आल्यावर ती प्रत्येक साधनास लावण्याचा मोह होतो आणि येथेच सर्वांत मोठे नुकसान संभवते. वितरणातील कित्येक व्यवस्थापकीय साधने पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि ती वितरणाबरोबर आलेल्या नेमक्या आवृत्तीसाठी घडविलेली असतात. उबुंटू या वितरणात ‘पायथन-३’ हे नाव पर्यायव्यवस्थेत मुळात समाविष्टच नाही. तरीही काही जण ते तीत ओढून आणतात व स्वतः बसविलेल्या नव्या पायथनकडे वळवितात. त्यांचे स्वतःचे काम सुरू होते. पण संचांचे नवे स्रोत जोडणारे साधन आवश्यक भाग सापडत नाही म्हणून बंद पडते. काही उबुंटू आवृत्त्यांत आज्ञा देण्याची खिडकीही उघडेनाशी होते, कारण ती उघडणारी लहानशी आज्ञावलीदेखील पायथनमध्येच आहे. ज्या खिडकीतून ही चूक केली, ती दुरुस्त करावयास तीच खिडकी उरत नाही.

रेड हॅटने आपल्या २०१९ मधील आठव्या आवृत्तीत या अडचणीवर मूलगामी उपाय केला. प्रणालीच्या स्वतःच्या कामांसाठी ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या नावाने एक पायथन बाजूस ठेवण्यात आला आणि ‘पायथन’ हे उघडे नाव वापरणाऱ्याच्या निवडीसाठी मोकळे सोडण्यात आले. घरमालक आणि भाडेकरू यांची दारे वेगळी केल्यासारखा हा उपाय आहे.

निवडीची व्याप्ती : यावरून असे दिसून येईल की, आवृत्ती कशी बदलावी यापेक्षा ती कोणासाठी बदलावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पर्यायव्यवस्थेने केलेला बदल त्या संगणकावरील सर्वांना लागू होतो व त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. एकाच माणसास, एकाच प्रकल्पास किंवा एकाच वेळेपुरता बदल हवा असेल, तर त्याहून अरुंद व्याप्तीची साधने उपलब्ध आहेत.

त्यांचा पाया ‘पाथ’ हा आहे. आज्ञेचे नाव दिले असता ती कोणकोणत्या डिरेक्टरींत व कोणत्या क्रमाने शोधावी याची यादी म्हणजे पाथ. शोध पहिल्या सापडलेल्या फाइलीपाशी थांबतो; म्हणून हवी असलेली आवृत्ती ज्या डिरेक्टरीत आहे ती यादीच्या अग्रभागी ठेवली की काम होते. प्रत्येक वापरणाऱ्याची, किंबहुना प्रत्येक खिडकीची यादी स्वतंत्र असल्याने या बदलाची झळ इतरांस लागत नाही. २०१२ मध्ये पायथनच्या ३.३ या आवृत्तीबरोबर आलेली ‘व्हेन्व्ह’ ही सोय ह्याच तत्त्वावर प्रत्येक प्रकल्पास त्याचे स्वतःचे पायथन-दालन देते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा लागतो : आज्ञा स्वीकारणारा शेल एकदा सापडलेला पत्ता स्मरणात ठेवतो, त्यामुळे यादी बदलूनही तो कधीकधी जुन्याच ठिकाणी जातो. बॅश या शेलला ‘हॅश’ ही आज्ञा ‘आर’ या चिन्हासह दिली असता तो हे स्मरण पुसतो.

महासंगणकांवरील आवृत्तिनिवड : एकाच यंत्रावर शेकडो वैज्ञानिक, प्रत्येकाची गरज निराळी आणि प्रशासकाचे अधिकार कोणाकडेच नाहीत, अशी परिस्थिती महासंगणकांवर असते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत, त्यामुळे हा प्रश्न लिनक्सचाच झाला आहे. त्यासाठी जॉन फुर्लानी यांनी १९९१ मध्ये मांडलेली ‘मॉड्यूल्स’ ही पद्धत आजही प्रचारात आहे. प्रत्येक साधनाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक लहान फाईल असते व तीत पाथ आणि इतर परिस्थितिदर्शक मूल्ये कशी बदलावीत हे लिहिलेले असते. ‘मॉड्यूल लोड’ म्हटले की ते बदल लागू होतात, ‘अनलोड’ म्हटले की मागे घेतले जातात आणि ‘स्वॅप’ म्हटले की एक आवृत्ती जाऊन दुसरी येते. हे सर्व त्या वापरणाऱ्याच्या त्या बैठकीपुरते असते.

या पद्धतीचे महत्त्व हवामानाच्या गणितात विशेष जाणवते. भारतीय हवामान विभागाचे एक प्रादेशिक केंद्र नागपूर येथे असून विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. आज अंदाज वर्तविताना अशी केंद्रे ज्या संख्यात्मक प्रतिमानांचा आधार घेतात, ती महासंगणकांवर चालतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा ४ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथेच ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेच्या ‘अर्क’ या यंत्राचे उद्‌घाटन झाले. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्ये इतक्या गणितक्रिया. ‘प्रत्यूष’ ज्या क्रे एक्ससी-४० या जातीचा होता, त्या यंत्रांवर भाषांतरक म्हणजे कंपायलर ‘मॉड्यूल स्वॅप’नेच बदलला जातो.

प्रतिमानांचा बराचसा भाग फोर्ट्रान भाषेत असतो आणि भाषांतरकाची आवृत्ती बदलली की दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली उघड असते. जीएनयू फोर्ट्रानच्या २०२० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीने, ज्या विसंगतींकडे आधी केवळ इशारा देऊन दुर्लक्ष केले जात असे, त्यांस दोष ठरविले. परिणामी वर्षानुवर्षे चालत आलेल्या कित्येक आज्ञावल्यांचे भाषांतरच होईना. दुसरी अडचण छुपी असते. गुणाकार व बेरीज एकाच टप्प्यात करावी की दोन टप्प्यांत, बेरजांचा क्रम कोणता ठेवावा, यांसारखे निर्णय भाषांतरक स्वतः घेतो. गणिती दृष्ट्या ते समान असले, तरी शेवटच्या दशांश स्थळांच्या पूर्णांकनात फरक पडतो. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि काही काळातच नव्या गणितातील हवामान जुन्याशी संबंधच उरू नये इतके दूर गेले. भाषांतरकाच्या आवृत्तीमुळे पडणारा फरक याहून कितीतरी सूक्ष्म असतो, पण त्याची वाढ होण्याची रीत तीच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमी.हून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा घटनेचे प्रतिमान पुन्हा चालवून, ढगांविषयीचे एखादे गृहीतक बदलल्याने पाऊस अधिक अचूक दिसतो काय, हे तपासावयाचे झाल्यास दोन्ही वेळी भाषांतरक आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या त्याच ठेवणे अगत्याचे असते. अन्यथा दिसलेला फरक गृहीतकाचा की साधनाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून कोणती मॉड्यूल्स चढविली होती त्यांची यादी गणिताच्या उत्तराबरोबरच जपून ठेवण्याचा शिरस्ता चांगल्या प्रयोगशाळांत पाळला जातो.

लायब्ररी आणि अकारविल्हे : अनेक आज्ञावल्यांस समान लागणारा भाग सामायिक लायब्ररीच्या रूपात एकदाच ठेवला जातो. येथे निवड वापरणारा करीत नाही. आज्ञावली घडविताना तिच्यात लायब्ररीचे नाव आवृत्तिक्रमांकासह कोरले जाते. उदा., सुरक्षित संदेशवहनासाठीच्या ओपनएसएसएल या लायब्ररीची १.१ ही आवृत्ती मागणारी आज्ञावली सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३ या आवृत्तीवर समाधान मानीत नाही, आणि दुव्याचे नाव बदलून तिला फसविण्याचा प्रयत्न सहसा अंगलट येतो. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवणे हाच येथील सरळ उपाय होय.

जीलिबसी ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी मात्र याला अपवाद आहे. संपूर्ण प्रणाली तिच्यावर उभी असल्याने तिच्या दोन आवृत्त्या आलटून पालटून वापरणे व्यवहार्य नसते. ऑगस्ट २०१८ मधील तिच्या २.२८ या आवृत्तीत शब्दांची क्रमवारी लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेएसक्यूएल हा माहितीसंग्राहक आपल्या सूची ह्या नियमांनी लावतो. प्रणाली बदलल्यावर जुन्या क्रमाने लावलेल्या सूचीत नव्या क्रमाने शोध सुरू झाला आणि असलेल्या नोंदी नाहीत असे सांगितले जाऊ लागले. कोशकारास यातील गांभीर्य वेगळे सांगावयास नको. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तर युनिकोड ह्या संकेतपद्धतीत त्याचे स्थान ल च्या लगत आहे. क्ष व ज्ञ स्वतंत्र वर्ण मानून शेवटी घ्यावेत की जोडाक्षरे म्हणून क व ज यांखाली, याविषयी तर कोशकारांतही एकवाक्यता नाही. अकारविल्हे लावलेल्या ग्रंथात दोन वाचक दोन वेगळ्या वर्णक्रमांनी शोध घेऊ लागले तर जे होईल, तेच ह्या सूचींचे झाले. अशा वेळी जुन्या आवृत्तीकडे परतण्यापेक्षा सर्व सूची नव्याने बांधणे हाच मार्ग असतो.

संपूर्ण विलगीकरण : दुवे व पाथ यांनी न सुटणाऱ्या अशा प्रसंगांसाठी आज्ञावली तिच्या सर्व लायब्रऱ्यांसह एका बंदिस्त पेटीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ह्या पेट्यांचा प्रसार झपाट्याने झाला. त्याआधी नेदर्लंड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी विकसित केलेल्या निक्स या व्यवस्थेत प्रत्येक संच, तो ज्या ज्या घटकांपासून घडला त्यांवरून काढलेल्या खुणेसह, स्वतंत्र ठिकाणी राहतो व कोणताही संच दुसऱ्यास पुसत नाही. ती विचाराने अधिक सुसंगत असली, तरी तिची भाषा शिकावी लागत असल्याने प्रसार मर्यादित राहिला. पेट्यांनी जागा अधिक व्यापते हा दोष गौण आहे. मुख्य दोष असा की, पेटीत जुनी आवृत्ती सुखाने चालत राहिल्यामुळे तिच्यातील सुरक्षाविषयक उणिवांचा विसर पडतो. ओपनएसएसएलच्या १.१.१ या आवृत्तीची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली; ती ज्या पेट्यांत अद्याप आहे, त्यांचे दार निदान बाहेरच्या जाळ्याकडे उघडे नसावे, एवढी खबरदारी प्रशासकास घ्यावी लागते.